शेक्सपिअर माळ्यावर, बुटका काचेत

लंडन झालं, ऑक्सफर्ड झालं, पाऊस झाला. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या लॅम्पोर्ट हॉलबद्दल, कारण तिथून आल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे.

मला जुन्या इंग्रजी काव्यसंग्रहांच्या पहिल्या आवृत्त्यांचं वेड आहे. विकत घेण्याचं नाही, तेवढी ऐपत कुठली! कुठली प्रत कुणाच्या घरातून कुठे गेली, याचा माग काढण्याचं. सोळाव्या शतकात लंडनचे प्रकाशक वेगवेगळ्या कवींच्या कविता गोळा करून छोटी छोटी पुस्तकं काढत. लोक ती फाटेपर्यंत वाचत, म्हणून उरली फार थोडी. रिचर्ड टॉटेलचा 1557 सालचा संग्रह एवढा खपला की दोन महिन्यांच्या आत दुसरी आवृत्ती काढावी लागली. पहिल्या आवृत्तीची मात्र एकच प्रत शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. परशुरामतात्या गोडबोल्यांच्या 'नवनीत' या जुन्या मराठी कवितांच्या संग्रहाची 1854 ची प्रत मिळेल या आशेने ज्यांनी रद्दीच्या दुकानांत धूळ खाल्ली असेल, त्यांना माझा आजार समजेल.

तर लॅम्पोर्ट. ईशम घराण्याचा हा वाडा. 1867 मध्ये चार्ल्स एडमंड्स नावाचा पुस्तकविक्रेता इथलं ग्रंथालय बघायला आला. बघता बघता तो वरच्या अडगळीच्या खोलीत पोचला. तिथे धुळीत, उंदरांच्या शेजारी जुन्या पुस्तकांचा ढीग पडला होता, आणि त्यात एक बारकंसं पुस्तक. आत शेक्सपिअरच्या 'व्हीनस अँड अडोनिस' या दीर्घकाव्याची 1599 सालची प्रत, ज्या आवृत्तीचा तोवर कुणाला पत्ताच नव्हता, आणि त्याच बांधणीत त्याच वर्षीचा 'द पॅशनेट पिलग्रिम'. हा दुसरा म्हणजे विल्यम जॅगर्ड या प्रकाशकाची चलाखी. मुखपृष्ठावर शेक्सपिअरचं नाव, आत वीस कविता, आणि त्यातल्या खात्रीने शेक्सपिअरच्या फक्त पाच. 1612 च्या आवृत्तीत त्याने टॉमस हेवूडच्या कविताही घुसडल्या. हेवूडने छापून तक्रार केली आणि शेक्सपिअरही चिडलाय असं सांगितलं.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी नॉर्थॅम्प्टनहून बस पकडली. बायको सोबत होती, स्कोन आणि चहाच्या बोलीवर.

वाडा देखणा आहे. 1655 मध्ये जॉन वेबने बांधलेला, बेताचा, डोळ्यांवर न येणारा. आम्हाला फिरवणाऱ्या आजी तर गोडच होत्या. कुठून आलात, थंडी वाजते का, सगळी चौकशी केली. ग्रंथालयाच्या दालनात त्यांनी एडमंड्सची गोष्ट सुरू केली आणि मी पुढे सरकलो. तेवढ्यात मागून एका गृहस्थाचा आवाज आला, "आणि तो बुटका कुठे आहे?"

सगळा घोळका हसला. आजींनाही हसू आलं. शेक्सपिअर अर्ध्यात राहिला.

हा बुटका म्हणजे लॅम्पी. एकोणिसाव्या शतकात सर चार्ल्स ईशम यांनी घराला लागून दगडांचा एक डोंगर रचला आणि त्यावर जर्मनीहून आणवलेले मातीचे बुटके मांडले, म्हणजे इंग्रज लोक बागेत शोभेला ठेवतात ते टोपीवाले, दाढीवाले छोटे पुतळे. सर चार्ल्स शाकाहारी होते, भुताखेतांशी बोलण्यावर विश्वास ठेवणारे होते, त्यामुळे माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांच्या मुलींना म्हणे ते बुटके आवडत नसत, त्यांनी ते काढून टाकले. एक फटीत सापडला, तो हा. आता तो घरात काचेमागे असतो आणि ब्रिटनमधला सगळ्यात जुना बागेतला बुटका म्हणून मिरवतो. लोक त्याच्यापुढे रांग लावून फोटो काढत होते. ग्रंथालयात मी एकटा उरलो, आणि "पुस्तकं गेली कुठे?" हे विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

मीच सांगतो. त्यातली बरीचशी 1893 मध्ये ब्रिटवेलच्या क्रिस्टी-मिलर यांच्या संग्रहात गेली. ते एका बांधणीतलं पुस्तक 1919 च्या लिलावात हेन्री हंटिंग्टन या अमेरिकन संग्राहकासाठी 15,100 पौंडांना घेतलं गेलं. आज ते कॅलिफोर्नियात आहे. उंदरांनी दोन-अडीचशे वर्षं जे घरात राहू दिलं, ते आम्हा शौकिनांना सापडल्यावर साठ वर्षांच्या आत समुद्रापार गेलं. संग्राहकांच्या प्रेमाबद्दल मला तेव्हापासून जरा संशयच येतो, स्वतःच्यासकट.

वाड्याच्या दर्शनी भागावर ईशमांचं बोधवाक्य कोरलंय, क्षणभंगुर वस्तूंत वैभव नसतं अशा अर्थाचं. खाली दुकानात बुटके विकायला.

स्कोन उत्तम होता, हे मान्य करायलाच हवं. परतीच्या बसची वाट बघण्यात मात्र जीव गेला. "लॅम्पी पण गोड आहे," असं बायको तीनदा म्हणाली आणि मी तीनदा ऐकलं नाही.

पुढची गंमत वेगळी. लॅम्पोर्टच्या त्या प्रतीवरून 1905 मध्ये ऑक्सफर्डने 'पॅशनेट पिलग्रिम'ची हुबेहूब नक्कल छापली, सिडनी ली यांनी संपादित केलेली, आणि तिच्यावर 'पहिली आवृत्ती' असं लिहिलं. पुढे वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या अपुऱ्या, पानं गळालेल्या प्रतीवरून ठरलं की पहिली आवृत्ती ती, आणि लॅम्पोर्टची दुसरी. मला ती चुकीचं लेबल लावलेली नक्कलच हवी आहे. लंडनला सेसिल कोर्टातल्या दुकानांत विचारत फिरलो, नाही मिळाली. कुणाकडे असेल तर कळवा. घासाघीस मात्र करणार.