सुरंगी फुलायच्या आधी

माघ उतरणीला लागला की माझं मन मुंबईत रमत नाही. इथे स्वेटर कधीच कपाटात गेलेले असतात, पण तळकोकणात पहाटेची थंडी अजून ठाण मांडून असते. कोकणकन्येने कुडाळला उतरलं की ते लगेच जाणवतं. कानाला मफलर गुंडाळलेली माणसं चहाच्या टपरीशी घोळका करून उभी असतात. तिथून मठमार्गे वेंगुर्ल्याची एसटी घ्यायची. खिडकीची काच सरकवली की गार वारा आणि आंब्याच्या मोहोराचा वास एकदमच अंगावर येतो.

या खेपेला मी गेले ती सुरंगीसाठी. वेंगुर्ले तालुक्यात आसोली, आरवली, सोन्सुरे या भागात सुरंगीची जुनी झाडं आहेत. जाड, गडद हिरव्या पानांचं हे झाड बारा महिने हिरवं असतं. वाढ इतकी सावकाश, की आजेसासऱ्याने राखलेल्या झाडाची फुलं नातसून काढते. फुलं डहाळीच्या टोकाला येत नाहीत, जुन्या फांद्यांच्या अंगालाच झुबक्यांनी चिकटून येतात. पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा गुच्छ. त्या फुलांच्या गजऱ्याला इकडे वळेसार म्हणतात. तो सुकला तरी वास जात नाही. लहानपणी माझ्या आईच्या ट्रंकेतल्या साड्यांना जो वास यायचा, तो हाच.

आसोलीत जिच्याकडे मी उतरले होते त्या काकीच्या परड्यात दोन झाडं होती. पोचल्या पोचल्या मी परड्यात धावले. फांद्या कळ्यांनी भरलेल्या, पण सगळ्या मिटलेल्या. हिरवट, गोल, जोंधळ्याच्या दाण्याहून जरा मोठ्या.

"कधी फुलतील हो काकी?"

"गो बाय, ती काय आपल्या सांगण्यान फुलतली? उन्हाचो जोर होऊंदे. थंडी अशी रवली तर ती डोळो उघडूची नाय."

मग वाट बघणं आलं. सकाळी अंगणात चूल पेटलेली, तिच्यावर अंघोळीच्या पाण्याचा हंडा आणि भोवती शेकत बसलेले आम्ही. परसातल्या अळवाच्या पानांवर दव. नऊ वाजले तरी ऊन कोवळंच. दुपारी कुळथाची पिठी आणि भात. भात कापलेल्या मळ्यांत नुकताच कुळीथ निघाला होता, त्यामुळे पीठ अगदी ताजं होतं. काकी लसणीची फोडणी खमंग होऊ द्यायची आणि वरून आमसुलं टाकायची. एवढी चवदार पिठी शहरात मला कधी जमलेली नाही.

थंडी जाण्याची वाट एकटी सुरंगीवालीच बघत असेल असं मला वाटत होतं. आंबेवाल्यांना तर थंडी हवीच असते, कारण तिच्याशिवाय हापूसची कलमं मोहोरत नाहीत. पण शेजारचे बागायतदार आबा एका संध्याकाळी त्यांच्या कलमांत घेऊन गेले आणि निराळंच चित्र दिसलं. त्यांनी एक फांदी वाकवून दाखवली. तिच्यावर वाटाण्याएवढ्या, क्वचित गोटीएवढ्या कैऱ्या धरलेल्या आणि त्यांच्या शेजारूनच नव्या मोहोराचा कोवळा, तांबूस तुरा वर निघालेला. मला तो तुरा फार सुंदर वाटला. आबांच्या कपाळावर मात्र आठी होती.

"थंडी व्हयी होती तेव्हा व्हयी होती. आता अजून रवली तर हो दुसरो मोहोर सगळा खावन टाकतलो आणि हयली कैरी गळान पडतली."

झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि आधीचं फळ गळतं. तो मोहोर धरून पुन्हा आंबा तयार व्हायला चारेक महिने, म्हणजे पाऊस दारात. शिवाय मधेच मळभ आलं तर तुडतुड्यांची कीड आणि भुरीचा रोग आहेतच. आणि ऊन एकदम तापलं तरी कैरी गळते. ऊब हवी, पण बेताबेताने चढणारी. आबा बोलताना सारखे आभाळाकडे बघत होते. त्या फांदीवर त्यांचं वर्षाचं उत्पन्न होतं. त्यानंतर मलाही सकाळी उठल्यावर पहिलं आभाळ बघायची सवय लागली.

पंचांगात वसंत पंचमी माघात, ऐन शिशिरात येते. खरा वसंत चैत्रात. मधले हे दिवस अधांतरी असतात आणि मला तेच सगळ्यांत आवडतात. मोचेमाडच्या वाटेवर एक पांगारा अंगावर पान नसताना लालबुंद फुलला होता, साळुंक्यांनी त्याच्यावर नुसता कालवा मांडलेला. आरवलीला वेतोबाचं दर्शन घेतलं आणि तशीच पुढे शिरोड्याच्या मिठागरांकडे गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे या मिठागरांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. वाफ्यांत खाडीचं पाणी घेतलं होतं, कडेला मिठाची पांढरी साय धरू लागली होती. तिथल्या माणसांनाही हवं होतं ते ऊनच.

मग एका रात्री पांघरूण नकोसं झालं. पहाटे काकीच्या हाकेने जाग आली. अंधारातच तिचा मुलगा शिडी बांधून वर चढला होता. खाली जुनी लुगडी अंथरलेली. उमलायच्या बेतात आलेल्या कळ्याच काढायच्या असतात, उन्हात फूल पुरतं उमललं की पाकळ्या गळायला लागतात. उजाडता उजाडता मधमाश्या आल्या आणि सगळं झाड घुमायला लागलं. तो वास मी काय सांगू! गोड, दाट, थोडासा मसालेदार. मी लुगड्यावर बसून कळ्या वेचत होते आणि मला रडू येत होतं.

काकीने पडवीत बसून केळीच्या सोपाच्या दोरात भराभर वळेसार ओवले. पहिला माझ्या केसांत माळला. "ह्यो तुझो. बाकीचे शिरोड्याक जातले. पयल्या फुलांक भाव बरो गावता, शिमग्यापर्यंत मगे सगळ्यांचीच फुलतत."

सकाळच्या एसटीने आम्ही दोघी शिरोड्याला गेलो. काकीने बाजारात टोपली खाली ठेवली मात्र, बायका भोवती जमल्या. "इली गो सुरंगी? खयची, आसोलीची?" माझ्या केसांतला वळेसार बघून एका आजीने तो वाकून हुंगला आणि लगेच चार मागून घेतले, एक देवाला आणि तीन सुनांना. बघता बघता टोपली रिकामी झाली. काकीने पैसे मोजून कमरेला खोचले आणि बाजारात बांगडे कसे आलेत ते बघायला निघाली.