चार ओळींचं हेडर आणि नऊ दिवसांचा ताप

सी भाषेतली एक लहानशी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड) मी लिनक्सच्या दोन वितरणांसाठी पॅकेज करतो, म्हणजे बसवण्याजोग्या गठ्ठ्यात बांधतो. मूळ प्रोजेक्टची मंडळी सज्जन आहेत, कोडही नेटका आहे. खोड एकच: बिल्ड करताना एक ‘कॉन्फिग’ हेडर (दुसऱ्या कोडमध्ये ओढून घ्यायची घोषणांची फाइल) तयार होतं आणि ते लायब्ररीपुरतं न राहता सगळ्यांच्या सामाइक इन्क्लूड फोल्डरमध्ये जाऊन बसतं. त्यात लिहिलेलं असतं, साइझ-टी (आकार मोजायला वापरायचा सीमधला पूर्णांकाचा प्रकार) किती बाइटचा, आणि लायब्ररीतल्या लांबी-क्षमतेच्या खणांचा आकार त्यावरून ठरतो. ६४ बिटच्या बिल्डमध्ये ८, ३२ बिटच्या बिल्डमध्ये ४. फाइलचं नाव एक, जागा एक, मजकूर मात्र दोन.

त्यामुळे व्हायचं तेच झालं. कुणीतरी एकाच मशीनवर दोन्ही बिटांची डेव्हल (कोड लिहिणाऱ्यांसाठीची, हेडर असलेली) पॅकेजेस टाकायला गेलं आणि पॅकेज बसवणाऱ्या आरपीएमने ‘फाइल कॉन्फ्लिक्ट’ म्हणून हात वर केले. प्रोग्रॅमच्या बायनरी फायलींबाबत आरपीएम समजूतदार असतं. ती फाइल ३२ ची की ६४ ची हे त्याला कळतं, आणि दोघी एकाच जागेवर आल्या तर ६४ ची ठेवून ते पुढे जातं. हेडर म्हणजे नुसता मजकूर. तिथे अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर भांडण.

उपाय जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला. खऱ्या फायलींना ‘कॉन्फिग-३२’ आणि ‘कॉन्फिग-६४’ अशी नावं द्यायची, आणि मूळ नावाने एक पाटीवजा हेडर ठेवायचं: ६४ असेल तर ही फाइल घ्या, नाहीतर ती. फेडोरा या लिनक्स वितरणात याच कामासाठी ‘मल्टिलिब-आरपीएम-कॉन्फिग’ पॅकेजमध्ये तयार मॅक्रो (नावामागे साठवलेला मजकूर) मिळतो. मी तो वापरला नाही. दोन फायलींची नावं बदलायची आणि चार ओळी लिहायच्या, त्याला कशाला हवा मॅक्रो, असा माझा तोरा. वीस मिनिटांत काम झालं. दोन्ही पॅकेजेस शेजारी शेजारी बसली, चाचण्या हिरव्या झाल्या, मी पॅकेज पुढे ढकललं.

दोन दिवसांनी एकाची तक्रार: माझा प्रोग्रॅम सुरू होताच कोसळतो. मशीन ६४ बिटचं, ३२ बिटची पॅकेजेस त्याने बसवलेलीसुद्धा नाहीत. म्हणजे माझ्या बदलाशी याचा काय संबंध? मी तसं त्याला कळवलंही, जरा गुर्मीतच. त्याने शांतपणे उत्तर दिलं की जुनं पॅकेज टाकलं की सगळं नीट चालतं. आता बोलायला जागाच उरली नाही.

त्याचा कोड मागवला. माझ्याकडेही कोसळला. कुठे कोसळतो ते बघायला मी एक प्रिंटएफ (पडद्यावर छापणारी ओळ) टाकला, त्यासाठी फाइलच्या डोक्यावर एसटीडीआयओ हेडर घेतलं, आणि प्रोग्रॅम गुणी बाळासारखा चालू लागला. प्रिंटएफ काढला, तरी चालला. एसटीडीआयओची ओळ काढली, कोसळला. सहा दिवस मी या चक्रात फिरत होतो. कंपायलर (कोड यंत्रभाषेत आणणारा प्रोग्रॅम) बदलून पाहिला, ऑप्टिमायझेशन बंद केलं, मेमरी तपासणारी साधनं लावली. ती एवढंच सांगत होती की कुणीतरी शेजारच्या व्हेरिएबलच्या घरात ८ बाइट लिहून जातंय. कोण, ते कळेना. शेवटी चिडून मी लायब्ररी आणि प्रोग्रॅम दोघेही वापरत असलेल्या स्ट्रक्टचा (अनेक व्हेरिएबलची एकत्र मोट) आकार दोन ठिकाणी छापला. लायब्ररीच्या मते २४ बाइट: एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता), एक लांबी, एक क्षमता, प्रत्येकी ८. प्रोग्रॅमच्या मते १६. लांबी आणि क्षमता तिथे चार-चार बाइटच्या झाल्या होत्या.

मग जीसीसी या कंपायलरला ‘कॅपिटल एच’चा पर्याय दिला. कोणकोणती हेडर उघडली जातात याची यादी तो छापतो, हे मला पहिल्याच दिवशी आठवायला हवं होतं. यादीत स्वच्छ लिहिलं होतं: ६४ बिटचं बिल्ड आणि उघडली गेली ‘कॉन्फिग-३२’.

चूक माझ्या पाटीत होती. मी ‘वर्डसाइझ’ मॅक्रो ६४ आहे का, एवढंच विचारलं होतं. हा मॅक्रो कंपायलरकडे उपजत नसतो. तो जीलिबसी या सीच्या मूळ लायब्ररीच्या ‘बिट्स’ फोल्डरमधल्या वर्डसाइझ हेडरमधून येतो, आणि ते हेडर घेण्याची ओळच मी लिहिली नव्हती. कंपाइल होण्याआधी हेडर आणि अटी सोडवणाऱ्या प्रीप्रोसेसरला अशा अटीत अनोळखी नाव भेटलं की तो त्याची किंमत शून्य धरतो आणि तक्रारही करत नाही. शून्य म्हणजे ६४ नव्हे, म्हणून ‘नाहीतर’वाली फांदी, म्हणून ३२. आणि एसटीडीआयओ घेतलं की त्याच्या पोटातून ते वर्डसाइझ हेडर आपोआप यायचं, म्हणून औषध लागू पडायचं. माझ्या चाचण्यांच्या प्रत्येक फाइलमध्ये एसटीडीआयओ पहिल्याच ओळीत होतं. चाचण्या हिरव्याच असणार!

कळल्यावर आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग. अनोळखी नावांवर इशारा देणारा ‘डब्ल्यू-अनडेफ’ पर्याय, आणि सामाइक फोल्डरमधल्या हेडरांबद्दलचे एरवी गाळले जाणारे इशारे दाखवणारा ‘डब्ल्यू-सिस्टिम-हेडर्स’, असे दोन्ही चालू असते तर त्याच्या कोडवर हे पहिल्या मिनिटात दिसलं असतं. आता माझ्या सगळ्या बिल्डमध्ये ते असतात. शिवाय पाटीतल्या हेडरची चाचणी घेताना त्या फाइलमध्ये दुसरं काहीही घेत नाही.

दुरुस्तीत वर्डसाइझ सोडूनच दिला. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर पॉइंटरचा आकार सांगणारा मॅक्रो स्वतःच देतात, कुठलं हेडर लागत नाही. तो ८ असेल तर एक फाइल, ४ असेल तर दुसरी, आणि यापैकी काहीच नसेल तर ‘एरर’ टाकून बिल्ड तिथेच थांबवायचं. नुसतं ‘नाहीतर’ पुन्हा लिहिणार नाही. ६४ बिटच्या प्रोसेसरची खूण असलेला ‘एक्स८६-६४’चा मॅक्रो बघूनही निवड करू नका: त्याच प्रोसेसरवरच्या एक्स३२ या प्रकारात तो असतोच, पण पॉइंटर ४ बाइटचा असतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: पाटीचा आणि आतल्या फायलींचा इन्क्लूड गार्ड (फाइल दोनदा वाचली जाऊ नये म्हणून लावलेली नावाची खूण) एकच ठेवला, तर आतली फाइल रिकामी वाचली जाते. नाव बदलताना गार्ड तसाच राहतो, म्हणून हे सहज घडतं. माझ्याकडेही घडलं होतं, पण ते लगेच बोंबललं, त्यामुळे त्याबद्दल राग नाही. आणि तयार होणाऱ्या हेडरच्या माथ्यावर बिल्डची तारीख-वेळ छापली जात असेल तर ती आधी काढा. बाकी सगळं जुळलं तरी त्या एका ओळीवरून फाइल कॉन्फ्लिक्ट उभा राहतो.

डेबियन या दुसऱ्या वितरणाच्या बाजूला हा तमाशाच नाही. तिथे प्रत्येक आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या प्रकाराच्या) नावाचं वेगळं इन्क्लूड फोल्डर असतं आणि कंपायलर त्यात आपणहून शोधतो. कॉन्फिग हेडर तिथे हलवलं, पॅकेजवर ‘मल्टी-आर्क सेम’ (म्हणजे वेगवेगळ्या आर्किटेक्चरची पॅकेजेस शेजारी बसू शकतात) लिहिलं, संपलं. ग्लिब या दुसऱ्या सी लायब्ररीने तर आपलं कॉन्फिग हेडर लायब्ररीच्या फोल्डरखाली ठेवलंय आणि कंपायलरला हेडरचा पत्ता पुरवणारा पीकेजी-कॉन्फिग त्याचा रस्ता दाखवतो, म्हणून त्यांचं कुठल्याच वितरणात अडत नाही.

तशीच व्यवस्था करणारा पॅच मी मूळ प्रोजेक्टला पाठवलाय. ‘कल्पना चांगली आहे, पुढच्या मोठ्या आवृत्तीत बघू’ असं उत्तर आलंय. तोवर माझ्या पॅकेजमध्ये एका हेडरची तीन हेडर आहेत, आणि ज्याने तक्रार केली होती त्याची मी माफी मागितली आहे.