ओमान: मस्कत, निजवा, मिस्फा, वादी शाब – लोकांचा रिवाज सांभाळून

ओमानची सहल आखताना आधी शुक्रवार कुठे घालवायचा ते ठरवा. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. शुक्रवारी दुपारच्या सामुदायिक नमाजामुळे सकाळपासून बहुतेक दुकानं बंद, मस्कतमधला मुत्राहचा बाजार संध्याकाळीच उघडतो आणि मस्कतची सुलतान काबूस मशीद पर्यटकांसाठी बंद असते. हे माहीत नसलं की माणूस भर नमाजाच्या वेळी मशिदीच्या दारात कॅमेरा घेऊन उभा राहतो. पाहुण्याकडून होणारा बराचसा अवमान असा चुकीच्या आखणीतूनच होतो, म्हणून हा क्रम सुचवतो: गुरुवारी संध्याकाळी निजवा, शुक्रवारी सकाळी तिथला गुरांचा बाजार, दुपारी मिस्फा, शनिवारी मस्कतला परत, रविवारी सकाळी मशीद, सोमवारी वादी शाब (वादी म्हणजे डोंगरातली दरी).

निजवा मस्कतपासून साधारण १६० किलोमीटर. शेळ्या-बोकडांचा आणि गाईंचा बाजार शुक्रवारी उजाडताच सुरू होतो आणि नऊच्या सुमारास पांगतो, म्हणून सातच्या आत पोचावं. मधल्या छपराखालच्या गोल ओट्याभोवती विक्रेते जनावरं फिरवत बोली घेतात. गिऱ्हाईक वाटेच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला बसतं, मधली वाट जनावरांची. पर्यटक फोटोसाठी नेमके त्या वाटेत उतरतात. वासरू बिथरतं, दोर ओढला जातो, सौदा मोडतो. बाहेरच्या रांगेच्या मागे उभं राहा. पुरुषाचा फोटो हवा असेल तर मोबाईल दाखवून विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. चेहऱ्यावर बुरखा घातलेल्या बेदुइन (वाळवंटातल्या भटक्या जमातींच्या) बायकांचा फोटो काढूच नये, त्या विक्रीला बसल्या असल्या तरी. पोलीस, सैन्य आणि सरकारी इमारतींचंही तेच.

मिस्फा, म्हणजेच मिस्फत अल अब्रियीन, हे डोंगराच्या कुशीतलं दगड-मातीचं गाव. वेशीवरच खांदे आणि गुडघे झाकण्याची विनंती करणारा फलक आहे. गाडी बाहेरच ठेवायची. गावातून वाहणारा ‘फलज’ म्हणजे झऱ्याचं पाणी आणणारा पाट. ओमानमधले असे पाच पाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पाण्याचा क्रम ठरलेला असतो: वरच्या टोकाला पिण्याचं पाणी, मग अंघोळ आणि धुणं, शेवटी खजुराच्या बागा. म्हणून वरच्या पाटात पाय बुडवणं म्हणजे कुणाच्या तरी पिण्याच्या हंड्यात पाय घालणं. प्रत्येक शेतकऱ्याचा पाण्याचा वाटा वेळेच्या हिशोबाने मोजतात, पूर्वी त्यासाठी दिवसा सावली आणि रात्री तारे बघत. धुळे-नाशिककडची पाळीने पाणी वाटून घ्यायची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना पाळीच्या पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. पाटावरची दगडी फळी हलवू नका, साबण वापरू नका. बायकांच्या अंघोळीच्या जागा भिंतीआड असतात, तिकडे डोकावू नये.

कुणी बसायला बोलावलं तर जाऊन बसावं. घाईघाईने नाही म्हणणं तिथे कोरडं वाटतं. चप्पल दाराबाहेर काढायची, बसल्यावर पायाचा तळवा कुणाकडे रोखायचा नाही. आधी खजूर येतो, मग वेलदोडा घातलेली काहवा, म्हणजे अरबी कॉफी. छोट्या, बिनकानाच्या पेल्यात ती थोडीशीच ओततात. पेला उजव्या हाताने घ्यायचा. रिकामा पेला नुसता पुढे केला की पुन्हा भरला जातो. पुरे असेल तर तो दोन-तीनदा हलकेच हलवून परत द्यायचा. एक ते तीन पेले रीतीला धरून. शाकाहारी असाल तर जेवणाचं आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. ताट समोर आल्यावर सांगितलं तर यजमानाची पंचाईत होते. सामायिक थाळीत आपल्या समोरचाच भात उजव्या हाताने घ्यायचा. पुरुषांनी बाईपुढे हात करू नये. तिने केला तर मिळवावा, नाहीतर उजवा हात छातीवर ठेवून सलाम करावा. हिंदी समजणारे पुष्कळ भेटतात, पण ‘कितना?’ने सुरुवात नको. सलाम, ख्यालीखुशाली, मग काम.

मशीद पर्यटकांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ खुली असते. बायकांनी केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकायचे. सैल, पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज चालतो. ओढणी मात्र सुती आणि रुंद घ्या, जॉर्जेटची डोक्यावरून घसरते आणि आरपार दिसते. साडीत पोट-पाठ उघडी राहते, त्यामुळे वरून अबाया (पायघोळ सैल झगा) लागतो. तो दाराशी भाड्याने मिळतो. आखूड कुर्तीवर लेगिंग चालत नाही. पुरुषांना पूर्ण पँट. आतला गालिचा ४,००० चौरस मीटरहून मोठा आणि २१ टन वजनाचा आहे, तो विणायला चार वर्षं लागली. त्यावर पाय न ठेवता अंथरलेल्या निळ्या पट्टीवरूनच चालायचं.

वादी शाबला सुरुवातीला छोट्या होडीतून पलीकडे जातात, मग पाऊण तास चाल आणि पुढे पोहणं. शुक्रवार-शनिवारी स्थानिक कुटुंबांची गर्दी असते, म्हणून सोमवार. बायकांनी टी-शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी पोहण्याची पँट घालावी, बिकिनी नको. पुरुषांनीही पाण्याबाहेर उघड्या अंगाने फिरू नये.

रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू होतो, २०२७ मध्ये त्याच महिन्याच्या पूर्वार्धात, म्हणजे ऐन सहलीच्या हंगामात. त्या काळात सूर्यास्तापर्यंत चारचौघांत खाणं, पाणी पिणं, धूम्रपान कायद्याने गुन्हा आहे. गाडीत बसून पाण्याची बाटली तोंडाला लावणंही टाळा. दारू एरवीही परवाना असलेल्या हॉटेलांतच, रस्त्यावर किंवा किनाऱ्यावर नाही.

विमान दुबई-अबुधाबीमार्गे असेल तर खाऊच्या डब्यातले अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवा. अमिरातीत खसखस अंमली पदार्थांत मोडते. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक द्रव्यं असलेली औषधं घेत असाल तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ वेष्टन हातातल्या सामानात असू द्या.