घोरणे थांबले, तरी तपासणी पुन्हा करावी लागली

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडतीवर मी 23 वर्षांपासून दिवाणजी म्हणून काम करतो. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात दुपारी खतावणी समोर उघडी असतानाच माझे डोळे मिटू लागले, आणि एका संध्याकाळी आष्ट्याहून मोटारसायकलवर परतताना क्षणभराच्या डुलकीने मी रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरलो, तेव्हा हा केवळ कामाचा शीण नाही हे मला मानावे लागले. माझ्या घोरण्याची घरात सर्वांना सवय झाली होती. परंतु त्या रात्री पत्नीने जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. "अहो, तुमचं घोरणं चालू असतं तोवर मी कशीबशी झोपते, ते एकदम थांबलं की भीतीनं जाग येते," असे ती म्हणाली.

मिरजेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी प्रथम आठ प्रश्नांचा एपवर्थ नावाचा तक्ता भरून घेतला. त्यात 24 पैकी 10 पेक्षा जास्त गुण म्हणजे दिवसा अतिरिक्त झोप येणे. माझे 15 भरले. मग घरीच एका रात्रीची झोपेची तपासणी झाली. नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावून मी झोपलो. अहवालानुसार तासाला 22 वेळा माझा श्वास निदान 10 सेकंद तरी थांबत होता किंवा उथळ होत होता. झोपेत श्वास अडण्याच्या या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात; ही संख्या 5 ते 15 असेल तर तो सौम्य, 15 ते 30 असेल तर मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेने जाणाऱ्या हवेमुळे पडजीभ व टाळूचा मऊ भाग थरथरतो तो आवाज म्हणजे घोरणे, आणि वाटच मिटली की श्वास अडतो, असे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले.

त्यांनी आधी मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्रच सुचवले, कारण श्वासाचे अडथळे कमी करण्यात ते सर्वांत प्रभावी आहे. पाच आठवडे मी मनापासून प्रयत्न केला, परंतु झोपेत नकळत मुखवटा काढून टाकत असे. यंत्रातील नोंदीप्रमाणे वापर रात्रीला सरासरी दोन तासांचाही नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या उपकरणासाठी दंतवैद्यांच्या नावे चिठ्ठी दिली.

दंतवैद्यांनी लगेच माप घेतले नाही, याबद्दल मी आज त्यांचा ऋणी आहे. उपकरणाचा सगळा भार दातांवर येतो, म्हणून त्यांनी आधी हिरड्या आणि कानाजवळचा जबड्याचा सांधा तपासला, दात साफ केले आणि खालच्या दाढेतील सुटू लागलेले सिमेंट बदलले; ते नंतर बदलले असते तर उपकरण नीट बसले नसते. मग वरच्या-खालच्या दातांचे साचे घेतले. माझा जबडा अगदी मागून अगदी पुढे एकूण 10 मिलिमीटर सरकत होता, आणि सुरुवात 6 मिलिमीटरवर करायचे ठरले. तीन आठवड्यांनी ॲक्रिलिकचे दोन भाग हाती आले. बाजूच्या स्क्रूला किल्लीने एक फेरा दिला की खालचा जबडा पाव मिलिमीटर पुढे येई.

पहिले आठ दिवस उशी लाळेने भिजत होती आणि सकाळी अर्धा तास दाढा एकमेकींवर बसत नव्हत्या. त्यासाठी सकाळी चावून धरायचा एक छोटा तुकडा दिला होता, आणि तो मी एकही दिवस चुकवला नाही. चौथ्या आठवड्यात घोरणे थांबले. पत्नीला शांत झोप लागू लागली आणि उपचार पूर्ण झाला असे आम्ही दोघांनी धरले. दंतवैद्यांनी मात्र पुन्हा तपासणी करायला लावली. श्वास अजूनही तासाला 13 वेळा अडत होता. आवाज गेला होता, अडथळा निम्मासुद्धा कमी झाला नव्हता, आणि आता तर पत्नीला सावध करणारी खूणही उरली नव्हती. त्या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

पुढील दोन महिन्यांत सांध्याला सोसेल तसतसे आम्ही जबडा आणखी दीड मिलिमीटर पुढे नेला. तिसऱ्या तपासणीत संख्या 6 आली, एपवर्थचे गुणही 7 वर उतरले, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तो अहवाल पाहिल्यावरच स्क्रू फिरवणे बंद झाले.

आता दर सहा महिन्यांनी मी दंतवैद्यांकडे जातो. माझ्या दातांचे पहिले प्लास्टरचे साचे त्यांनी जपून ठेवले आहेत आणि प्रत्येक वेळी माझा चावा त्यांच्याशी ताडून पाहतात. गेल्या भेटीत पुढचे दात किंचित सरकलेले दिसले. उपकरण सोडले तर श्वासाचे अडथळे परततील, चालू ठेवले तर दात आणखी थोडे सरकू शकतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आष्ट्याच्या रस्त्यावरची ती संध्याकाळ आठवून मी उपकरण चालू ठेवायचे ठरवले.