पिक्चर न संपवणारा माणूस

परवा जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर अमेरिकेतल्या जॅक स्मिथ या अंडरग्राउंड दिग्दर्शकाचा 'फ्लेमिंग क्रिचर्स' हा पिक्चर लावला, तिसऱ्यांदा. बायको जाता जाता म्हणाली, स्क्रीन गेली का रे? स्क्रीन नाही गं, पिक्चरच तसा आहे. १९६३ सालचा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला एका जुन्या थिएटरच्या गच्चीवर, तारीख उलटून गेलेल्या रिळांवर शूट केलेला, खर्च तीनएकशे डॉलर. सगळं पांढरंफटक, आणि त्या पांढऱ्यातनं मधेच एखादा डोळा, एखादी माळ वर येते.

त्यात एक लिपस्टिकचा सीन आहे. बाया, बाप्ये सगळे ओठ रंगवतायत, मागे रेडिओवरच्या जाहिरातीसारखा आवाज चालू, आणि मधेच कोणीतरी असा प्रश्न विचारतं की तो मी इथे टाइप करणार नाही. मी फिस्सकन हसलो. हसायसाठीच आहे ते! जॅकचं रडगाणंच हे होतं की मी कॉमेडी केली आणि लोकांनी तिची सेक्सची केस करून टाकली. केस खरोखरच झाली, मार्च १९६४ मध्ये पोलिसांनी प्रिंट उचलली, शो लावणाऱ्या जोनास मेकस आणि केन जेकब्सला अटक. लेखिका सुझन सोंटॅगने पिक्चरच्या बाजूने लेख लिहिला, तरी कोर्टाने दोषी ठरवलंच, शिक्षा तेवढी स्थगित. पुढे १९६८ ला, या केसमध्ये पिक्चरच्या बाजूने मत देणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती एब फोर्टसला सरन्यायाधीश होऊ द्यायचं नाही म्हणून सिनेटर स्ट्रॉम थर्मंडने हाच पिक्चर बाकीच्या सिनेटर लोकांना दाखवला. सुटाबुटातली मंडळी आणि समोर तो लिपस्टिकचा सीन, डोळ्यासमोर आणून बघा.

जॅक १९३२ चा, ओहायोतल्या कोलंबसचा. त्याची देवी म्हणजे मारिया माँतेझ, चाळीसच्या दशकातली हॉलिवूडची अरबी राणी छाप हिरॉइन (तिच्याबरोबर त्या पिक्चरांत आपला म्हैसूरचा साबू पण असायचा). लोक म्हणायचे तिला अॅक्टिंग येत नाही, हा म्हणायचा तिचा त्या खोट्या दागिन्यांवर खरा विश्वास आहे, बास. स्वतः पण तसाच, वॉरहॉल, रॉन राइस, केन जेकब्स सगळ्यांच्या पिक्चरात काम केलं.

पण मला खरा भावतो तो 'फ्लेमिंग क्रिचर्स'नंतरचा जॅक. पुढचा पिक्चर 'नॉर्मल लव्ह' त्याने कधी पूर्ण केलाच नाही. शो चालू असतानाच रीळ तोडायचा, जोडायचा, मागे वाजणारी गाण्याची रेकॉर्ड बदलायचा, म्हणजे प्रत्येक शोला पिक्चर वेगळा. लोक आळशी म्हणाले, मला ते पटत नाही. 'फ्लेमिंग क्रिचर्स' पूर्ण करून हातातनं सोडला त्याचं काय झालं ते बघितलं होतं ना त्याने. मग घरातच मध्यरात्रीचे प्रयोग, तेही तासन् तास उशिरा सुरू होणारे, आणि घरमालकांवर आयुष्यभर खुन्नस, त्यांना तो लॉबस्टर म्हणायचा.

१९८९ ला एड्सने गेला. त्याची रिळं-सामान सिनेसमीक्षक जिम होबरमन आणि रंगकर्मी पेनी आर्केडने वाचवलं, मग त्यावरून जॅकच्या बहिणीशी कोर्टकज्जा, शेवटी सगळं एका गॅलरीकडे.

काल 'नॉर्मल लव्ह'ची आता मिळते ती जोडलेली कॉपी लावली, आवाज बंद केला आणि आईची नाट्यगीतांची कॅसेट लावली. दुधाच्या टबातल्या जलपरीला काही जमेना, पण शेवटी त्या भल्यामोठ्या केकवर सगळे नाचायला लागले आणि नेमकी तेव्हाच तान सुरू झाली. बायको पण येऊन बसली.