सत्ताविसाव्या दिवसाचा स्वॅब

एप्रिल 2020 मध्ये माझे मामा कोविडच्या न्यूमोनियामुळे पुण्यातल्या एका रुग्णालयात दाखल झाले होते. त्यांना चार दिवस ऑक्सिजन लागला, नवव्या दिवशी ताप उतरला आणि तिथून पुढे त्यांचा खरा वनवास सुरू झाला. कारण चोवीस तासांच्या अंतराने केलेल्या दोन आरटी-पीसीआर तपासण्या निगेटिव्ह आल्याखेरीज घरी सोडायचे नाही, असा तेव्हाचा नियम होता. सत्ताविसाव्या दिवसाचा स्वॅबही पॉझिटिव्ह आला, तेव्हा मामांनी फोनवर विचारले, “अगं, मला साधा खोकलासुद्धा उरलेला नाही, मग हे लोक माझ्या नाकातून काढतात तरी काय?”

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, तरीही हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता, याची मला आजही थोडी लाज वाटते. आरटी-पीसीआरला विषाणूच्या आरएनएचा, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचा, ठरावीक तुकडा सापडतो. तो तुकडा जिवंत विषाणूतला आहे की मेलेल्या पेशींच्या राडारोड्यातला, हे त्या यंत्राला कळत नाही. यंत्र दर चक्राला त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट करत जाते आणि त्या पुरेशा झाल्या की पडद्यावरची रेषा वर चढते, म्हणजे मूळ आरएनए जितका जास्त तितकी ती लवकर चढते. ती विसाव्या चक्रात चढली काय किंवा तेहतिसाव्या चक्रात चढली काय, त्या दोन नमुन्यांतल्या आरएनएमध्ये सुमारे आठ हजार पटींचा फरक असूनही रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर शब्द एकच असतो.

वूहानमधल्या 191 रुग्णांच्या अभ्यासात, बरे झालेल्यांच्या घशात आरएनए सापडत राहण्याच्या कालावधीचा मध्यक 20 दिवस आणि कमाल कालावधी 37 दिवस होता, म्हणजे मामा काही अपवाद नव्हते. म्यूनिकमध्ये मात्र सौम्य आजाराच्या नऊ रुग्णांचे नमुने पेशींवर वाढवून पाहिले, तेव्हा आठव्या दिवसानंतर आरएनए भरपूर असूनही जिवंत विषाणू एकदाही उगवला नाही. रॉटरडॅमच्या 129 रुग्णांपैकी बरेच जण अतिदक्षता विभागात होते, म्हणून तिथला आकडा मला अधिक मोलाचा वाटतो: लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण पंधरा दिवसांनंतर जिवंत विषाणू मिळण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या खाली गेली होती.

सत्ताविसाव्या दिवसाचा अहवाल हातात असतानाच, 8 मे 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नियम बदलला. सौम्य आणि मध्यम आजाराच्या रुग्णांना घरी सोडण्यापूर्वीच्या तपासणीची अट गेली आणि मामा तिसाव्या दिवशी घरी आले. मामींनी त्यांचे ताट-वाटी पुढे महिनाभर वेगळेच ठेवले, तो भाग निराळा.

याच गोष्टीची दुसरी बाजू मला पुढे कळली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात रक्ताच्या कर्करोगाच्या एका 71 वर्षांच्या रुग्ण महिलेला कोविडचे एकही लक्षण नव्हते, पण तिच्या नमुन्यांत 70 दिवसांपर्यंत जिवंत विषाणू आणि 105 दिवसांपर्यंत आरएनए मिळत राहिला. प्रतिकारशक्तीच खचलेली असेल, तर दिवस मोजून कोणाला मोकळे करता येत नाही. तिथे रेषा उशिरा चढली तरी ती राडारोड्याचीच आहे, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

म्हणून हल्ली वॉर्डातून पुन्हा तपासणीसाठी स्वॅब आला की मी नळी उघडण्याआधी सोबतच्या फॉर्मवर दोन रकाने पाहते: लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि मूळ आजार. दहांपैकी सात वेळा ते दोन्ही कोरे असतात, आणि मग मला वॉर्डात फोन लावावा लागतो.