पवळाबाईंची अकरा मिनिटं

लावण्या आणि वग रचणारे शाहीर पठ्ठे बापूराव आमच्या सांगली जिल्ह्यातले. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी रेठरे हरणाक्ष आहे, तिथल्या कुलकर्ण्यांच्या घरात १८६६ साली त्यांचा जन्म झाला. मूळ नाव श्रीधर. ब्राह्मण घरातला हा मुलगा लावण्या रचू लागला आणि सगळं सोडून तमाशाच्या फडात गेला. पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या, महार समाजातल्या. स्त्रीवेशात पोरं नाचायची त्या काळात तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. ही जोडी मुंबईत तुफान गाजली, पुढे दोघं वेगळे झाले. बापूराव १९४५ मध्ये पुण्यात हलाखीत गेले.

या दोघांवर छोटा चरित्रपट करायचं आम्ही पाच जणांनी सांगलीत ठरवलं. कॅमेरा एकाकडे, लेखन दुसऱ्याकडे. मी बँकेत नोकरी करते, कागदांना घाबरत नाही, म्हणून हक्क, परवानग्या आणि प्रमाणपत्र माझ्याकडे आलं. त्यात चौदा महिने गेले. असं काही करायचं कुणाच्या मनात असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून लिहितेय.

पहिला प्रश्न गाण्यांचा. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं शब्दांवर हक्क राहतो. बापूराव १९४५ मध्ये गेले, म्हणजे २००५ संपलं तसे त्यांचे शब्द सर्वांचे झाले. हे कळल्यावर मला वाटलं, सुटलो. दिग्दर्शकाने एका संग्राहकाकडून जुनी तबकडी मिळवली होती, तीत एका बाईंच्या आवाजात बापूरावांची लावणी होती. आम्ही ती सरळ पवळाबाईंच्या प्रसंगांखाली लावली आणि पहिला कट तयार केला.

एका वकिलांनी तो पाहिला आणि पहिलंच विचारलं, "चाल कुणाची? तबकडी कुणाची?" तेव्हा कळलं की एका लावणीत तीन मालक असू शकतात. शब्दांचा एक. चाल पारंपरिक नसेल, कुणा संगीतकाराने बांधली असेल, तर त्याचा हक्क वेगळा. आणि ध्वनिमुद्रणाचा तिसराच. तो तबकडी प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. आमच्या तबकडीवर साल नव्हतं. कंपनीचं लेबल अर्धं फाटलेलं. ज्यांच्याकडे हक्क असावेत असं वाटलं त्यांना मी चार ईमेल आणि दोन रजिस्टर पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. उत्तर न येणं म्हणजे परवानगी नव्हे, हे वकिलांनी दोनदा बजावलं. तबकडी काढावी लागली.

आणि ती काढल्यावर जे दिसलं त्याने मी हादरले. अडतीस मिनिटांच्या चित्रपटात पवळाबाई जेमतेम चार मिनिटं उरल्या. बापूरावांचं बरंच काही होतं आमच्याकडे. छापलेल्या लावण्या, मिठाराणीच्या वगाची, म्हणजे तमाशातल्या नाट्याची, माहिती, गाव, नदी, वतनाचं घराणं. पवळाबाई नाचल्या, गायल्या, लोकांनी पाहिलं, आणि ते लोकही गेले. आम्ही चित्रपटाला जोडीचं नाव दिलं होतं आणि अर्धी जोडी एका उसन्या आवाजावर उभी केली होती. तो आवाज त्यांचा नव्हताच. हिवरगावला तर आम्ही गेलोही नव्हतो. रेठरे जवळ, तिथे तीन वेळा जाऊन आलो होतो.

त्या रात्री आमचं भांडण झालं. दोघांचं म्हणणं, नव्या गायिकेकडून गाऊन घेऊ, वेळ भरेल. मला ते पटेना. शेवटी दिग्दर्शकच म्हणाला, फडात आयुष्य काढलेलं कुणी असेल तर आधी त्यांना भेटू.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, विष्णुदास भाव्यांच्या पहिल्या नाटकाचं १८४३ साल शाळेत पाठ करतो. पण तमाशातल्या नावाजलेल्या जोड्याही इथल्याच : सावळजचे उमा-बाबू याच मातीतले, काळू-बाळू कवलापूरचे. सावळजकर, कवलापूरकर – तमाशात माणसाच्या मागे गाव लागतं. आम्हाला भेटलेल्या आक्काही अशाच एका गावाचं नाव लावतात. वय सत्तरीच्या पुढे, मिरज तालुक्यात मुलीकडे राहतात. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव इथे लिहीत नाही.

त्यांनी आधी आमचं लेखन वाचून घ्यायला सांगितलं. वाचता वाचता एका प्रसंगात शेजारी पवळाबाईंना जातीवरून शिवी देतात तो संवाद आला. आक्कांनी हात वर केला. "ही शिवी आमी लई ऐकलीया. आता पडद्यावर परत कशापायी?" आमच्या लेखकाने काळाचं वास्तव वगैरे सांगायला सुरुवात केली. त्या शांतपणे म्हणाल्या, "वास्तव हाय की. पण तुमी ती शिवी लिवली. तिचं गाणं कुठं लिवलंय?" तो संवाद तिथेच गेला.

मग त्यांनी चाळ बांधले. आधी पायाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, घोट्यापासून वर, एकावर एक, सुरकुती न ठेवता. पट्टी नीट बसली नाही तर चाळ कातडी सोलतात, म्हणाल्या. त्यावर चाळांचा पट्टा, गाठ बाहेरच्या बाजूला. एक पाय बांधायला सहा मिनिटं लागली आणि त्या वेळात त्या हळू आवाजात बापूरावांच्या ओळी म्हणत होत्या, फडात शिकलेल्या चालीवर. उभ्या राहिल्या तेव्हा गुडघ्याने साथ दिली नाही. भिंतीला एक हात लावून त्यांनी फक्त ठेका दिला. ढोलकी नव्हती, तुणतुणं नव्हतं. कॅमेरामनने कट म्हटलंच नाही.

कागद इथेही होतेच. कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा पन्नास वर्षांचा हक्क असतो, म्हणून संमतीपत्र मराठीत केलं, सगळं वाचून दाखवलं, मानधनाचा आकडा त्यात लिहिला आणि पैसे त्याच दिवशी दिले. संमतीपत्र इंग्रजीत करून अंगठा घेऊ नका, एवढं कळकळीने सांगते.

बैलगाडीचं मात्र जमलं नाही. फड गाडीतून उतरतो असं दृश्य होतं, पण चित्रपटात जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी काढावी लागते. मला ते उशिरा समजलं, चूक माझी. बैल वगळले, नुसती चाकं दाखवली. हिवरगावला एक दिवस जाऊन आलो आणि नव्या कटमध्ये पवळाबाईंची अकरा मिनिटं झाली. अजूनही कमीच आहेत.

सार्वजनिक ठिकाणी दाखवायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. अर्ज ऑनलाइन होतो. सोबत संपूर्ण संहिता आणि प्रत्येक गाण्याचा पूर्ण मजकूर, कवीच्या नावासह, जोडायचा. बापूरावांच्या पानांना मला वेळ लागला नाही. आक्कांच्या भागापाशी अडले. पडद्यावर जे आहे ते कागदावर असलं पाहिजे, म्हणून मी टाइप केलं : 'आक्का पायाला पट्टी बांधतात. ओळी पुटपुटतात. चाळांचा आवाज. शब्द नाहीत.'

मुंबईत समिती चित्रपट बघते तेव्हा आपण बाहेर थांबायचं, नंतर आत बोलावतात. चालीबद्दल विचारलं, मी वकिलांची टिपणं दाखवली. 'यू' प्रमाणपत्र मिळालं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते दहा वर्षांनी संपत नाही, कायम राहतं.

बाहेर आल्यावर आक्कांना फोन लावला. त्यांनी प्रमाणपत्राचं काही विचारलं नाही.

"पाटीवर तिचं नाव कसं लिवलंय?"

"पवळाबाई हिवरगावकर."

"गावासकट?"

"गावासकट, आक्का."